ईझल : चित्राचा घोडा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेची कोठी आवरताना लाकडाचे ११ जुने ईझल निघाले. धूळ, वाळवीची शंका आणि जागेची टंचाई पाहून आम्हीच ते अटाल्यात द्यायला सांगितले. ४ गेले. चित्रकलेच्या बाईंना कळले तेव्हा त्या धावत आल्या, म्हणून ७ वाचले. पुढे काही पालकांनी व विश्वस्तांनी विचारले, "सर, कागद टेबलावर ठेवून चित्र काढता येत नाही का? मग हे सामान हवे कशाला?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा आमच्यापाशीही उत्तर नव्हते. मग बाईंकडून शिकलो, थोडे वाचले, ते येथे मांडतो.

प्रथम शब्द. ईझल हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला आणि डचमध्ये 'एझल' म्हणजे चक्क गाढव! ओझे मुकाट्याने वाहणारा प्राणी म्हणून चित्राचे ओझे वाहणाऱ्या चौकटीला ते नाव पडले. फ्रेंच लोक तिला 'शव्हाले' म्हणतात, म्हणजे लहान घोडा. गंमत अशी की फ्रेंचमध्ये व्हायोलिनच्या तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीलाही हाच शब्द आहे, आणि आपण तंबोऱ्याच्या तशाच पट्टीला घोडी म्हणतो. रंगारी भिंत रंगवताना ज्या दुहेरी शिडीवर चढतो तो घोडाच. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदीतून झाले, त्यामुळे 'चित्राधार' असा भारदस्त शब्द आधी सुचला होता. पण आमच्या शाळेचे जुने शिपाईमामा फळा ज्यावर ठेवत त्याला 'फळ्याचा घोडा' म्हणत. तोच शब्द आम्हाला बरा वाटतो.

आता उपयोग. सातवीतल्या एका मुलीने बाकावर कागद आडवा ठेवून समोरचा माठ काढला. माठाची मान उगाच लांब झाली. तिला वाटले, आपल्याला चित्रकला येतच नाही. बाईंनी काही न बोलता तोच कागद उभा धरला, आणि तिचे तिलाच हसू आले. चूक हाताची नव्हती. कागद आडवा असला की त्याची खालची कड डोळ्यांच्या जवळ आणि वरची कड दूर असते. दूरचा भाग आपल्याला आखूड दिसतो, म्हणून आपण नकळत तो ताणून काढतो. कागद डोळ्यांसमोर उभा असला की सगळा भाग जवळजवळ सारख्या अंतरावर येतो. शिवाय माठ आणि चित्र शेजारी शेजारी दिसतात, मान वरखाली करताना मधले विसरायला होत नाही. चार पावले मागे जाऊन पाहता येते. कोळशाची किंवा खडूची भुकटी चित्रावर न साचता खाली पडते. उभ्याने काढताना फक्त बोटे नव्हे, खांद्यापासून सगळा हात चालतो, रेघ मोकळी येते.

ईझलला पाय तीनच का, हे नववीच्या मुलांनी भूमितीच्या तासाला विचारावे. एका रेषेत नसलेले तीन बिंदू एकच प्रतल ठरवतात. म्हणून तिपाई उंचसखल अंगणातही डगमगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवावी लागते, हे आपण परीक्षेच्या हॉलमध्ये दरवर्षी पाहतोच.

मात्र प्रत्येक कामाला ईझल लागतेच असे नाही. जलरंग फार पातळ असले तर उभ्या कागदावरून ओघळतात; तेव्हा फळी जवळजवळ आडवी करावी लागते. मागच्या पायाला बिजागरी असते ती याच सोयीसाठी.

आणि हे इंदूर आहे, याचा विसर पडू नये. १९२७ मध्ये येथे सुरू झालेल्या चित्रकला शाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर गुरुजींनी पिढी घडवली. नारायण श्रीधर बेंद्रे येथेच १९१० मध्ये जन्मले, त्यांच्याच हाताखाली शिकले आणि १९५० पासून वडोदऱ्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवू लागले. मकबूल फिदा हुसेनही काही काळ इंदूरच्या शाळेत होते. अशा गावात आम्ही ४ ईझल रद्दीच्या भावात विकले, हे लिहिताना संकोच होतो.

उरलेल्या ७ पैकी ५ चांगले आहेत. २ ईझलच्या खुंट्या आणि बिजागऱ्या बदलायच्या आहेत. एका पालकांनी, जे स्वतः सुतारकाम करतात, फक्त सामानाच्या खर्चात ते करून देण्याचे कबूल केले आहे. चित्र नसेल तेव्हा हेच ईझल विज्ञान प्रदर्शनातले तक्ते आणि स्नेहसंमेलनाचा स्वागतफलक पेलतील. प्रश्न जागेचा आहे. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत सध्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. त्या खोलीची खिडकी उत्तरेकडे आहे. वर्षाचा बहुतेक काळ तिच्यातून थेट ऊन न येता सारखा उजेड येतो, चित्राला तोच हवा. ती खोली आठवड्यातून दोन दुपारी चित्रकलेसाठी मोकळी मिळावी, असा अर्ज आम्ही विश्वस्त मंडळाकडे दिला आहे. गठ्ठे हलवायला आठवी-नववीची मुले आणि आम्ही स्वतः शनिवारी शाळा सुटल्यावर तयार आहोत.