पथक मुलांचे की मास्तरांचे?

प्रजासत्ताक दिन जवळ आला की पुष्कळ शाळांतून एक कपाट उघडले जाते. त्यातून स्कार्फ निघतात, निम्मे वॉगल सापडत नाहीत, टोप्या डोक्याला लहान झालेल्या असतात. आणि आठ दिवस मैदानावर शिट्टी वाजत राहते. संचलन पार पडते, प्रमुख पाहुणे मानवंदना स्वीकारतात, छायाचित्र निघते आणि कपाट पुन्हा बंद होते ते पंधरा ऑगस्टपर्यंत. मधल्या काळात स्काऊट पथक असते कोठे, असे कोणी विचारलेच तर त्याचे उत्तर नोंदवहीत मिळते.

याचा सगळा दोष पथक चालविणाऱ्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बहुधा तो गणिताचा किंवा मराठीचा शिक्षक असतो आणि शिक्षककक्षात वयाने सर्वांत लहान म्हणून हे काम त्याच्याकडे आलेले असते. एखादे प्रशिक्षण शिबिर त्याने केलेले असते. परंतु तासिका, उत्तरपत्रिका, मतदारयाद्या आणि वरून मागविले जाणारे नाना प्रकारचे तक्ते यांतून त्याच्या हाती आठवड्याला दीड-दोन तास उरतात. त्याला त्यागाचा उपदेश करणे सोपे आहे. उपदेश करणाऱ्याचे त्यात काही खर्च होत नाही. वस्तुतः प्रश्न दुर्मिळ साधनाच्या वापराचा आहे. दोन तास आणि चोवीस मुले, एवढ्या भांडवलावर पथक चालवावयाचे तर ते कसे?

या चळवळीच्या जन्मकाळीच त्याचे उत्तर दिले गेले आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. सारी हयात सैन्यात गेलेला हा गृहस्थ मुलांनाही स्वतःच हुकूम सोडील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. त्यांनी मुलांचे चार संघ पाडले, प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक दिला आणि संघाची जबाबदारी त्या नायकावर टाकली. सहा ते आठ मुलांचा संघ हा या पद्धतीचा पाया होय. आमच्या पथकांतून संघ असतात, त्यांना पशुपक्ष्यांची नावे असतात, छोटे ध्वजही असतात. नसते ती नायकाची सत्ता.

चोवीस मुलांना एकाच वेळी गाठी शिकविणारा शिक्षक प्रत्यक्षात पुढच्या रांगेतील सहा जणांनाच शिकवीत असतो; मागची मुले दोरीचा चाबूक करून परस्परांना फटके देत असतात. त्याने बुधवारच्या मधल्या सुट्टीत चार संघनायकांना बोलावून क्लोव्ह हिच शिकवावी आणि शनिवारी ती त्यांनी आपापल्या संघाला शिकवावी. शिक्षकाने तेवढा वेळ मैदानावर फिरत राहावे. एखादा नायक चुकत असला तरी त्याच्या मुलांसमोर त्याच्या हातातली दोरी आपल्या हाती घेऊ नये. हे सांगावयास सोपे, पण पंधरा वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला फार जड जाते. नायकाची निवड करतानाही वर्गातला पहिला मुलगा किंवा संस्थाचालकांचा पुतण्या असे न पाहता संघालाच विचारावे. मुलांना आपल्यातला कामाचा गडी कोण हे बिनचूक ठाऊक असते. महिन्यातून एकदा नायकांची सभा घ्यावी आणि तिच्यापुढे खरे प्रश्न ठेवावेत: शिबिर कोठे न्यावे, जमलेले पैसे कशावर खर्चावेत, सतत गैरहजर राहणाऱ्याचे काय करावे. पताकांचा रंग ठरविण्यापुरताच आपला अधिकार आहे, हे मुलांना दुसऱ्याच सभेत कळून चुकते आणि तिसऱ्या सभेला कोणी येत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर ‘खरी कमाई’ या उपक्रमाचा थोडा तपशिलात विचार केला पाहिजे. मुलांनी स्वतःच्या श्रमाने चार पैसे मिळवावेत, ही त्यामागची मूळ कल्पना. ब्रिटनमधील स्काऊटांनी १९४९ पासून घरोघर जाऊन लहानसहान कामे करून एकेक शिलिंग मिळविण्याचा सप्ताह पाळला, त्यामागेही हाच हेतू होता. आपल्याकडे तिचे रूप बहुतेक ठिकाणी खाद्यपदार्थांच्या स्टॉलचे झाले आहे. आई पहाटे उठून चटण्या वाटते, वडील कुरमुरे-फरसाण आणतात, मुलगा टेबलामागे उभा राहतो आणि दुपारी फळ्यावर लिहिले जाते: ‘कमाई आठशे रुपये’. ही कमाई नव्हे, ही विक्री आहे. समजा, वीस रुपयांप्रमाणे भेळेच्या चाळीस डिशा विकल्या गेल्या आणि सामानाला पाचशे वीस रुपये लागले, तर हाती उरले दोनशे ऐंशी. आईचे श्रम मोजलेलेच नाहीत. ते मोजले तर कदाचित तोटाच निघेल. एवढा हिशेब मुलांकडून मांडून घेतला, तर अर्थशास्त्राच्या पुस्तकातील दोन प्रकरणे त्यांना तेथेच शिकून होतील आणि पुढच्या वर्षी त्यातील एखादा म्हणेल की, भेळेपेक्षा जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून विकू. त्यात आईला उठवावे लागत नाही. मिळालेल्या पैशाचे काय करावयाचे, हे मात्र मुलांनीच ठरवावे. शाळेच्या रंगकामासाठी तो परस्पर वळता झाला की पुढच्या वर्षीचा उत्साह संपलाच म्हणून समजावे.

पथकाचा पैसा शिक्षकाच्या खिशात कधीही राहू नये, मग तो कितीही सचोटीचा असो. बँकेत स्वतंत्र खाते, दोघांच्या सह्या, प्रत्येक रकमेची पावती, आणि नायकांच्या सभेत दरमहा वाचला जाणारा जमाखर्च, एवढे पुरे. प्रामाणिक माणसाला याचा राग येण्याचे कारण नाही. संशयाच्या प्रसंगी हीच कागदपत्रे त्याच्या बाजूने बोलतात.

वर्गणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शिबिराला तीनशे रुपये ठरले की चोवीसांपैकी चार-पाच मुले ‘घरी काम आहे’ असे सांगू लागतात. ते काम कोणते, हे चाणाक्ष शिक्षकाला कळावयास हवे. ब्राउनसीच्या शिबिरात श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले होती आणि पूल-बोर्नमथ भागातील कष्टकरी घरांतलीही. पहिल्यांकडून एक पौंड घेतला गेला, दुसऱ्यांकडून साडेतीन शिलिंग. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. राहणे-जेवणे मात्र सारखे होते. ही युक्ती आजही चालण्यासारखी आहे, फक्त कोणी किती दिले हे दोन प्रौढांपलीकडे कोणालाही कळता कामा नये. गणवेशाचेही तसेच. वाढत्या वयाच्या मुलाला गणवेश जेमतेम दोन वर्षे येतो; तो धुऊन, इस्त्री करून पथकाकडे परत घेण्याची वहिवाट पाडली तर नव्या मुलाच्या पालकांचा खर्च वाचतो आणि जुना गणवेश घालण्यात कमीपणाही राहत नाही, कारण सर्वांचेच जुने असतात.

शिबिराला आचारी नेऊ नये. बिनभांड्याचा स्वयंपाक प्रात्यक्षिकापुरता करून मुले नंतर पंगतीला बसतात, यात शिबिर कोठे आले? प्रत्येक संघाने आपली खिचडी आपण शिजवावी. एखाद्या संघाची करपेल; त्यांनी ती खावी, शेजारच्या संघाने हवी तर वाटून द्यावी. प्रौढांनी आपली मेहनत जागेची आधी पाहणी करण्यात घालावी. पाणी कोठले, शौचालये किती, प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर, रात्री वाहन मिळेल काय, हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. पालकांची लेखी संमती आणि मुलाच्या आजारांची व औषधांची नोंद बरोबर असावी. नदी-तलावाच्या बाबतीत मुलांवर विश्वास टाकण्याचे तत्त्व गुंडाळून ठेवावे. जेथे पट्टीचे पोहणारे प्रौढ काठावर नाहीत तेथे पाण्यात उतरणे नाही. आणि प्रत्येक मुलाचा एक जोडीदार ठरलेला असावा, म्हणजे शिट्टी होताच कोण दिसत नाही हे तत्काळ कळते.

आणखी एका गोष्टीविषयी आपल्याकडे संकोचाने बोलले जाते. मुलांच्या संस्थांत वाईट माणसेही शिरतात. अमेरिकेतील बॉय स्काऊट्स या संस्थेवर फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली ती लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींमुळे. पुढे ब्याऐंशी हजारांहून अधिक दावे दाखल झाले आणि भरपाईची रक्कम सुमारे अडीच अब्ज डॉलरवर गेली. एवढी वर्षे ज्यांनी मौन पाळले त्यांतील पुष्कळांना आपण संस्थेची अब्रू राखीत आहोत असेच वाटत असावे. आपल्या देशात २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने, म्हणजे ‘पोक्सो’ने, अठरा वर्षांखालील मुलाबाबत असा गुन्हा घडल्याचे कळले तर पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, न कळविणे हाही गुन्हा आहे. म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत ‘आपसात मिटवून टाकण्याचा’ मार्ग आता उरलेला नाही. रोजच्या व्यवहारात नियम साधा आहे: कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ, गाईड कंपनीबरोबर स्त्रीशिक्षिका असलीच पाहिजे, एकट्या मुलाशी बंद दाराआड बोलणे नाही, प्रौढांची आणि मुलांची झोपण्याची जागा वेगळी. अशा नियमांनी मुलाचे रक्षण होते, तसेच निर्दोष शिक्षकाचेही.

पथकाला फुकटचे मनुष्यबळ समजण्याची जी प्रथा पडली आहे, तिलाही कोणीतरी नकार दिला पाहिजे. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीतर्फे स्काऊटचे काम उभारले, ते लोकांच्या सेवेसाठी. भारतात १९०९ मध्ये ही चळवळ आली तेव्हा हिंदी मुलांना तीत प्रवेशच नव्हता. तो हक्क अशा माणसांनी झगडून मिळविला. १९५० मध्ये भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एक संस्था झाली ती त्या श्रमांच्या जोरावर. त्या वारशाचे मानकरी पुढाऱ्यांच्या वाटेवर फुलांची तबके घेऊन दोन-दोन तास उन्हात उभे केले जातात. मुख्याध्यापकांना नाही म्हणणे शिक्षकाला अवघड असते हे खरे. पण ‘नायकांच्या सभेत विचारून सांगतो’ एवढे तरी म्हणता येते.

पुढे केव्हातरी या शिक्षकाची बदली होते, किंवा त्याच्याहून तरुण कोणीतरी शाळेत रुजू होते. त्याने नव्या माणसाला खात्याचे पुस्तक, साहित्याची यादी आणि पालकांचे पत्ते द्यावेत. पहिल्या शनिवारी पथकाची ओळख चार संघनायकांनीच करून द्यावी, आणि जुन्या मास्तरांनी त्या दिवशी मैदानाकडे फिरकू नये.