घोरणं थांबतं तेव्हा

हळदीकुंकवाला विषय निघाला की एकीचे ‘हे’ रात्री आगगाडी चालवतात, तर दुसरीच्या घरी पिठाची गिरणी! आपण हसतो. पण मैत्रिणींनो, ती गिरणी मध्येच बंद पडते का, हे कधी लक्ष देऊन ऐकलंत? दहा-पंधरा सेकंद सारं शांत. आपल्याला वाटतं, सुटलो बाई! मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलणं आणि पुन्हा गिरणी सुरू. काळजी करायची ती त्या शांततेची.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. वजन वाढलेलं, मान जाड किंवा जबडा मुळातच लहान असेल, तर जीभ नि पडजीभ मागे पडून श्वासाची वाटच बुजते. छाती हलते, हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. हाच स्लीप अ‍ॅप्निया. श्वास असा थांबणं किंवा फार उथळ होणं तासाला ३० वेळा किंवा अधिक झालं, तर आजार तीव्र समजतात.

ज्याला होतं त्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. डोकं जड, पेपर वाचताना पेंग, गोळ्यांनीही न उतरणारं ब्लडप्रेशर, एवढंच. आणि गाडी चालवताना डुलकी लागली तर? म्हणून साक्षीदार आपणच. मोबाइलवर आवाज टिपून डॉक्टरांना ऐकवा. ‘मी कुठे घोरतो?’ हा वादही मिटेल!

मग रात्रभर श्वास, नाडी, प्राणवायू मोजतात. हल्ली हे घरीही होतं. वजन उतरवणं, दारू सोडणं, कुशीवर झोपणं याने काहींना आराम पडतो. झोपेची गोळी मात्र मनाने देऊ नका, घसा आणखी सैल पडायचा. त्रास जास्त असेल तर सीपॅप यंत्र. नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा दाब देऊन ते वाट उघडी ठेवतं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली. त्याआधी तीव्र आजारात गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करत! सुरुवातीला मुखवटा टोचतो, नाक कोरडं पडतं. म्हणून यंत्र कपाटात टाकू नका, मुखवट्याचं माप बदलून मागा.

आणि आपलं काय? पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो. सकाळची डोकेदुखी, दिवसभराचा थकवा आपण घरकामाच्या शिणावर ढकलतो. शेजारचा माणूस तर गाढ झोपलेला! तेव्हा एक रात्र लेकीला किंवा बहिणीला जवळ झोपवा नि कान देऊन ऐकायला सांगा.