स्क्रिप्ट चालली, बिल थांबलं: होस्ट्स फाइल बदलताना काय सांभाळायचं

कमांड नुसत्या ऐकून लिहून घेणं अवघड जातं, म्हणून हा भाग लेखीसुद्धा देतोय. बोलताना जे दोनदा आलं ते इथे एकदाच ठेवलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय आहे सिस्टीमची एक साधी टेक्स्ट फाइल स्क्रिप्टने वाचणं आणि बदलणं. काम पाच ओळींचं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं आणि त्यापायी एका दुकानाची अख्खी सकाळ वाया गेली. चूक माझीच होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्सचं एक होलसेल दुकान आहे. चार काउंटर, चारही कॉम्प्युटरवर लिनक्स, आणि मागच्या खोलीत एक सर्व्हर, ज्याच्यावर सगळा स्टॉक आणि बिलं. बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचा नंबर टाकलेला नव्हता, नाव टाकलं होतं: गोदाम. हे नाव म्हणजे कुठला नंबर, ते प्रत्येक काउंटरच्या होस्ट्स फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेलं.

एक दिवस राउटर जळाला. नवा बसवला, तर सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.५० होता तो झाला १९२.१६८.०.५०. चारही काउंटरवर एक ओळ बदलायची, एवढंच काम. मी म्हटलं, हाताने कशाला, स्क्रिप्ट लिहितो. रात्री दुकान बंद झाल्यावर पेनड्राइव्ह घेऊन गेलो, चारही मशीनवर रूट होऊन स्क्रिप्ट चालवली, लगेच पिंग करून बघितलं. उत्तर येतंय. विठ्ठलवाडीहून गाडी पकडली आणि घरी.

सकाळी साडेदहाला फोन. चारही काउंटरवर सर्व्हर सापडत नाही. बाहेर ट्रान्सपोर्टचा टेम्पो उभा, माल परराज्यात जायचा. ५०,००० रुपयांच्या वरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल लागतं, आणि इनव्हॉइसच निघत नाही तर ई-वे बिल कुठून निघणार? काउंटरवरच्या ताई कार्बन लावून बिलबुकावर कच्ची बिलं लिहीत बसल्या होत्या.

मी पोहोचलो, पिंग केलं, तर चालतंय. ताईंनी प्रोग्रॅम उघडला, तर चालत नाही. तोच कॉम्प्युटर, तेच नाव. हे कसं, ते सांगतो. पण त्याआधी ही फाइल काय आहे ते बघू.

उल्हासनगरकरांना हे पटकन कळेल. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं. बराकी पडल्या, इमारती आल्या, तरी पत्त्यात बॅरेक नंबर आजही लिहितात. पिन कोडसुद्धा कॅम्पप्रमाणे, कॅम्प एकला ४२१००१ पासून कॅम्प पाचला ४२१००५ पर्यंत. पण आपण नंबर लक्षात ठेवतो का? आपण दुकानाचं नाव सांगतो. नंबर माहीत असतो तो कुरिअरवाल्याला.

कॉम्प्युटरचं तसंच आहे. माणूस नाव टाकतो, मशीनला नंबर लागतो. मध्ये कुणीतरी यादी ठेवावी लागते. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर ही यादी म्हणजे खरोखर एकच टेक्स्ट फाइल होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची, आणि बाकीचे सगळे तिची प्रत उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तशी ती यादी पुरेना. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला आणि यादी जगभर वाटली गेली.

पण जुनी फाइल गेली नाही. लिनक्सवर ती ईटीसी फोल्डरमध्ये होस्ट्स नावाने असते. विंडोजवर सी ड्राइव्ह, मग विंडोज, सिस्टीम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, आणि आत होस्ट्स. शेपटीला टीएक्सटी वगैरे काही नाही. नोटपॅडने सेव्ह करताना ती शेपटी चिकटली तर विंडोज त्या फाइलकडे बघतही नाही.

आतली रचना अशी: एका ओळीत आधी नंबर, मग मोकळी जागा, मग एक किंवा जास्त नावं. हॅशच्या चिन्हापुढे जे काही असेल ती माणसासाठी टीप, मशीन ती सोडून देतं. मी इथे मराठी आकडे आणि नावं लिहितोय, पण फाइलमध्ये दोन्ही इंग्रजीतच टाकायचं. साधारणपणे कॉम्प्युटर आधी ही फाइल बघतो, आणि इथे नाव सापडलं नाही तर डीएनएसला विचारतो. म्हणून लहान दुकानाला ती सोयीची पडते आणि म्हणूनच ती बिघडली की सगळं अडतं.

आता स्क्रिप्ट. कोड वाचून दाखवत नाही, क्रम सांगतो. पायथन असो की शेल, क्रम हाच.

पहिलं काम वाचणं. ओळीत आपलं नाव कुठेतरी दिसतंय का, असं शोधू नका. गोदाम शोधाल तर गोदाम-जुनं पण सापडेल. १९२.१६८.१.५ शोधाल तर १९२.१६८.१.५० सुद्धा सापडेल. बॅरेक १५ विचारत निघालात आणि १५०० च्या दारात उभे राहिलात, तसं. त्यापेक्षा ओळ घ्या, हॅशपासून पुढचं काढून टाका, उरलेलं मोकळ्या जागेवर तोडा. पहिला तुकडा नंबर, पुढचे तुकडे नावं. तुलना अख्ख्या तुकड्याशी करा.

दुसरं, आपली हद्द आखा. माझी सगळ्यात पहिली स्क्रिप्ट फक्त शेवटी एक ओळ जोडायची. दोनदा चालवली की दोन ओळी. पत्ता बदलला की जुनी ओळ वर तशीच, नवी खाली. मग मशीन कधी वरचीच ओळ धरतं, कधी दोन्ही पत्ते घेऊन एकामागून एक दार ठोठावत बसतं. आता मी फाइलमध्ये हॅश लावून दोन खुणा टाकतो, इथे सुरू आणि इथे संपलं. स्क्रिप्टने फक्त त्या दोन खुणांच्या मधलं बदलायचं. लोकलहोस्टची ओळ, दुसऱ्या कुणी घातलेल्या ओळी, यांना हात लावायचा नाही. सुरुवातीची खूण आहे आणि शेवटची नाही, असं दिसलं तर अंदाज न बांधता स्क्रिप्टने थांबायचं आणि तसं सांगायचं.

तिसरं, बदल आधी मेमरीत तयार करा आणि जुन्या मजकुराशी ताडून बघा. दोन्ही सारखेच असतील तर काहीही लिहू नका. स्क्रिप्ट दहा वेळा चालवली तरी फाइल एकदा चालवल्यासारखीच राहिली पाहिजे.

चौथं, प्रत काढा. नावात तारीख आणि वेळ घाला, नाहीतर दुसऱ्या वेळेला बिघडलेल्या फाइलची प्रत चांगल्या प्रतीवर बसते.

पाचवं, मूळ फाइलवर थेट लिहू नका. शेलमध्ये एकच फाइल वाचायची आणि मोठेपणाच्या चिन्हाने तिच्यातच आउटपुट सोडायचं, असं केलंत तर शेल आधी फाइल रिकामी करतं आणि मग कमांड वाचायला जाते. वाचायला काही उरलेलंच नसतं. दुसरं म्हणजे आपल्याकडे लाइट जाते. अर्ध्या ओळीत गेली तर अर्धी फाइल. म्हणून नवा मजकूर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, पूर्ण झाला की तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी आणा. लिनक्सवर एकाच डिस्कच्या भागात हे नाव बदलणं एका झटक्यात होतं. बघणाऱ्याला एकतर जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही.

आता माझ्या चुकीवर येतो, कारण ती नेमकी या पाचव्या पायरीत आहे.

हे सगळं मी केलं होतं. खुणा, प्रत, तात्पुरती फाइल, सगळं. तात्पुरती फाइल बनवायला पायथनचं तयार फंक्शन वापरलं. ते फंक्शन सुरक्षिततेसाठी फाइल अशी बनवतं की बनवणाऱ्याशिवाय कुणाला ती वाचताच येऊ नये. लिनक्सच्या भाषेत पर्मिशन ६००. होस्ट्स फाइलला लागते ६४४, म्हणजे मालक रूट, तो वाचेल आणि लिहील, बाकीचे सगळे नुसते वाचतील. मी नाव बदलून फाइल जागेवर ठेवली, पण तिच्याबरोबर ६०० पण आलं. नवी यादी अगदी बरोबर होती, फक्त रूटशिवाय कुणाला ती उघडता येत नव्हती.

रात्री मी पिंग केलं ते रूट म्हणून. सकाळीही मी सवयीने आधी रूट झालो आणि मग पिंग केलं. ताई साध्या युजरने बसलेल्या. त्यांच्या प्रोग्रॅमला फाइल वाचताच येईना, आणि बाहेरच्या डीएनएसला आमचं गोदाम कुठून माहीत असणार? एरर मात्र एवढीच, की सर्व्हर सापडत नाही. परवानगी नाही, हे कुठेच दिसलं नाही. नेटवर्कची वायर, राउटर, सर्व्हर, सगळं तपासून झाल्यावर शेवटी मी फाइलची पूर्ण माहिती दाखवणारी कमांड दिली आणि पहिल्याच रकान्यात उत्तर होतं. चार मशीनवर ६४४ करायला दोन मिनिटं लागली. शोधायला त्याआधी दीड तास गेला होता.

म्हणून पाचव्या पायरीत हे जोडा: नाव बदलण्याआधी तात्पुरत्या फाइलला मूळ फाइलचा मालक आणि पर्मिशन लावा.

आणि सहावी पायरी, तपासणी. जो माणूस वापरणार आहे, त्याच्या युजरने तपासा. लिनक्सवर गेटएंट ही कमांड होस्ट्स शब्द आणि आपलं नाव देऊन चालवा, प्रोग्रॅमना जे उत्तर मिळतं तेच ती दाखवते. एनएसलुकअपवर जाऊ नका, तो थेट डीएनएसला विचारतो, ही फाइल स्वतः उघडत नाही. विंडोजवर फाइल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून बदलावी लागते. तिथल्या जुन्या पॉवरशेलमध्ये साध्या चिन्हाने फाइल लिहिली तर ती वेगळ्या एन्कोडिंगमध्ये जाते आणि दिसायला बरोबर असूनही वाचली जात नाही.

हे लाड फक्त माझ्यासारख्या पोळलेल्या माणसाचे नाहीत. लिनक्समध्ये कुणाला रूटचे अधिकार द्यायचे ती फाइल बदलायला व्हीआयसुडो नावाची वेगळी कमांडच आहे. ती फाइल कुलूपबंद करते, प्रतीवर काम करू देते, आणि व्याकरण तपासून मगच प्रत जागेवर ठेवते. ती फाइल बिघडली तर दुरुस्त करायला लागणारा अधिकारच जातो, म्हणून ही काळजी.

हे तुम्हाला फोनवर करून बघता येईल. अँड्रॉइडवरही होस्ट्स फाइल असते, सिस्टीमच्या ईटीसी फोल्डरमध्ये. टर्मक्स अ‍ॅपमध्ये कॅट कमांडने ती वाचा, बहुतेक फोनवर दोनच ओळी निघतील, दोन्ही लोकलहोस्टच्या. फोन रूट केलेला नसेल तर ती बदलता येत नाही, आणि त्यासाठी रूट करायची गरजही नाही. तिची प्रत आपल्या होम फोल्डरमध्ये काढा आणि स्क्रिप्ट त्या प्रतीवर चालवा. एकदा चालवा, परत चालवा, शेवटची खूण मुद्दाम पुसून चालवा. प्रतीवर कितीही चुका करा, कुणाचा टेम्पो थांबत नाही.

एक इशारा. अमुक स्क्रिप्ट पेस्ट करा आणि तमुक अ‍ॅप फुकट मिळवा, असे मेसेज फिरतात. त्यातल्या काही स्क्रिप्ट हीच फाइल बदलतात. ज्या ओळीने गोदामाचा पत्ता बदलतो, तशाच ओळीने बँकेच्या नावापुढे भलताच नंबरही लिहिता येतो. ब्राउझर सर्टिफिकेटची चेतावणी देतो ती अशा वेळी उपयोगी पडते, तिला डावलून पुढे जाऊ नका. आणि सुडो लावायच्या आधी स्क्रिप्ट वाचा, आता तुम्हाला ती वाचता येईल.

त्या दिवशी टेम्पो पावणेएकला निघाला. शेठ रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी काम झालं की ताईंच्या खुर्चीत बसून एक बिल काढून दाखवायचं, मगच जायचं." आता मी दुकानाची शटर ओढायच्या आधी तेच करतो. एक रुपयाचं टेस्ट बिल काढतो, रद्द करतो, आणि मग घरी.

तुमची स्क्रिप्ट कुठे अडली तर व्हॉइस नोट पाठवा. आधी प्रत काढली होती का, तेवढं मात्र मी विचारणार. भेटू पुढच्या भागात.