नौकाबंधन व जलप्रवाह

धक्क्याला दोरांनी बांधलेल्या किंवा नांगरलेल्या जहाजावर वाहत्या पाण्याची जी प्रेरणा कार्य करते, तिला प्रवाहभार म्हणता येईल. पाणी हवेच्या सु. ८०० पट घन असल्यामुळे दर सेकंदास १ मी. वेगाचा प्रवाह ताशी सु. १०० किमी. वेगाच्या वाऱ्याइतका दाब निर्माण करतो. प्रवाहभार वेगाच्या वर्गाच्या व जहाजाच्या पाण्याखालील क्षेत्रफळाच्या समप्रमाणात असतो; वेग दुप्पट झाल्यास भार चौपट होतो.

प्रवाहाची दिशाही महत्त्वाची असते. प्रवाह जहाजाच्या लांबीला समांतर असल्यास भार मुख्यतः घर्षणाचा व अल्प असतो. तो आडवा आल्यास एका बाजूस दाब वाढून दुसऱ्या बाजूस भोवरे निर्माण होतात व भार कित्येक पटींनी वाढतो. तिरपा प्रवाह जहाज फिरवू पाहतो, त्यामुळे काही दोरांवर अधिक ताण येतो. एका टोकाशी नांगरलेले जहाज मात्र प्रवाहाच्या दिशेने आपोआप वळते.

२०० मी. लांबीच्या व १० मी. खोल बुडालेल्या जहाजावर दर सेकंदास १ मी. वेगाच्या आडव्या प्रवाहाचा भार खोल पाण्यात सु. ६० टन असतो. जहाजाचा तळ व समुद्रतळ यांतील अंतर १ मी. एवढेच उरल्यास पाण्याला खालून वाट मिळत नाही व हा भार तीन ते पाच पट होतो.

मुंबई बंदरात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते. उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी सु. ५ मी.पर्यंत बदलते व प्रवाहाची दिशा सु. सव्वासहा तासांनी उलटते. ओहोटीच्या उत्तरार्धात प्रवाह चालू असतानाच तळाखालील पाणी कमी होत जाते, म्हणून तेव्हा विशेष दक्षता लागते. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या इंदिरा गोदीत (पूर्वीची अलेक्झांड्रा गोदी) दरवाज्यांमुळे पाणी अडून राहते व जहाजांना प्रवाहाचा उपद्रव होत नाही. जवाहर द्वीपाचे तेलधक्के मात्र खुल्या पाण्यात आहेत.

अशा ठिकाणी धक्का मुख्य प्रवाहाला शक्यतो समांतर बांधतात. आडवे दोर जहाजाला धक्क्यापासून दूर जाऊ देत नाहीत, तर तिरपे दोर त्याचे पुढेमागे सरकणे रोखतात. पाण्याची पातळी व जहाजातील माल यांनुसार दोर वेळोवेळी ताणावे वा सैल करावे लागतात. ताण विषम झाल्यास सर्वाधिक ताणलेला दोर प्रथम तुटतो व त्याचा भार उरलेल्यांवर पडून तेही एकामागून एक तुटू शकतात. तुटलेला दोर वेगाने उलटून धक्क्यावरील माणसांना प्राणघातक ठरतो. खडकवासला (पुणे) येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) बंदरांतील प्रवाहांचा अभ्यास प्रतिकृतींच्या व गणिताच्या साहाय्याने केला जातो.