वजन उतरल्यावर घरात काय बदलते?

शस्त्रक्रियेला सहा-आठ महिने झालेले असतात. वजन पंचवीस-तीस किलोंनी उतरलेले असते, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, जुने कपडे बोहारणीकडे गेलेले असतात. नातेवाईक कौतुक करतात. घरात मात्र काहीतरी बिनसलेले असते. चार घासांत पोट भरते म्हणून ती लवकर ताटावरून उठते, तर नवरा म्हणतो, 'आता आमच्याबरोबर जेवणंही जमत नाही का?' सणाला पुरणपोळी नाकारली की सासूबाईंना तो स्वयंपाकाचा अपमान वाटतो.

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर अशा तक्रारी अनेकदा ऐकू येतात; पण शस्त्रक्रियेआधीच्या चर्चेत त्यांना क्वचितच जागा मिळते. चर्चा होते ती टाके, खर्च आणि किती किलो उतरतील याची.

नात्यांवरील परिणामाचा एक मोठा अभ्यास स्वीडनमध्ये झाला. तो २०१८ मध्ये 'जामा सर्जरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात दोन गट तपासले गेले. पहिल्यात शस्त्रक्रिया झालेल्या १,९५८ व्यक्तींची तुलना शस्त्रक्रिया न केलेल्या १,९१२ लठ्ठ व्यक्तींशी केली गेली. दुसऱ्यात गॅस्ट्रिक बायपास झालेल्या २९ हजारांहून अधिक रुग्णांची तुलना सर्वसामान्य लोकसंख्येतील व्यक्तींशी केली गेली. आधीपासून जोडीदार असलेल्यांमध्ये विभक्त होण्याचे किंवा घटस्फोटाचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटात सुमारे २८ टक्क्यांनी, तर दुसऱ्यात ४१ टक्क्यांनी अधिक आढळले. एकट्या असलेल्यांचे चित्र उलटे होते. त्यांच्यात लग्न होण्याचे किंवा नवे नाते जुळण्याचे प्रमाण पहिल्या गटात दुप्पट, तर दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी जास्त होते. ज्यांचे वजन अधिक उतरले, त्यांच्या नात्यांत बदलही अधिक झाले.

हे आकडे वाचताना जरा सावध राहायला हवे. २८ टक्के अधिक म्हणजे शंभरातली २८ लग्ने मोडली असे नव्हे. मुळात कमी असलेले प्रमाण तेवढ्या पटीत वाढले, इतकेच. बहुसंख्य जोडपी एकत्रच राहिली. शिवाय मोडलेले प्रत्येक नाते मुळात चांगले होते असेही नाही. 'आपल्याला दुसरे कोण विचारणार' या भीतीने वर्षानुवर्षे अपमान गिळणारी व्यक्ती आत्मविश्वास आल्यावर बाहेर पडली, तर तो शस्त्रक्रियेचा दुष्परिणाम कसा म्हणायचा?

तरीही ताण का येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. बऱ्याच घरांत एकाच्या वजनाभोवती दोघांची सवय बसलेली असते. एक जण आजारी, दुसरा काळजी घेणारा. शनिवारी रात्री बाहेर जेवणे हाच दोघांचा एकमेव विरंगुळा. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढला जातो. त्यामुळे केवळ भूक घटत नाही, तो विरंगुळाही जातो. काळजी घेणाऱ्याचे कामच संपते. बायको आता नव्या कपड्यांत ऑफिसला जाते, लोक थांबून बोलतात, हे काही नवऱ्यांना खुपते. हीच अस्वस्थता बायकांच्याही वाट्याला येते. दुसरीकडे, कपड्यांत बारीक दिसणाऱ्या व्यक्तीला सैल लोंबणाऱ्या त्वचेची आणि काही महिने गळणाऱ्या केसांची लाज वाटते. जवळीक वाढेल असे वाटत असताना ती दुरावते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. मुलीचे लग्न जमत नाही म्हणून आईवडील तिला सर्जनकडे घेऊन येतात. स्वतःच्या आरोग्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणे वेगळे आणि स्थळे नाकारतात म्हणून जठर कापून घेणे वेगळे. आणि लग्न ठरलेच, तर सासरी ही गोष्ट सांगायची की नाही? साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो, तर घरचे वर्षभरात पाळणा हलण्याची वाट पाहू लागतात. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते, हेही अनेकींना ठाऊक नसते.

मनाचा भाग तर त्याहून दुर्लक्षित राहतो. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना अनावर खाण्याचा विकार असतो, असे २०१६ मध्ये 'जामा'त आलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले. शस्त्रक्रियेनंतर नैराश्य सहसा कमी होते, ही चांगली बातमी. मात्र सर्वांचे होत नाही. कॅनडातील ऑंटेरिओत ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे २.३ वरून ३.६ वर गेल्या होत्या. त्यातील बहुतेकांना आधीपासून मानसिक आजार होता, आणि बहुतांश घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या होत्या. म्हणजे नेमक्या त्या काळातल्या, जेव्हा कौतुक ओसरलेले असते आणि तपासणीला जाणे थांबलेले असते.

दारूचेही तसेच. बायपासनंतर ती रक्तात लवकर भिनते. अमेरिकेतील १,९४५ रुग्णांच्या पाहणीत दारूच्या समस्येचे प्रमाण आधी ७.६ टक्के होते, दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. अन्नाचा आधार गेला की काही जण दुसरा आधार शोधतात.

म्हणूनच शस्त्रक्रियेआधीची मानसिक तपासणी ही कागदावरची सही नसावी. त्या भेटीला जोडीदार हवा. जमल्यास स्वयंपाकघर सांभाळणारी व्यक्तीही. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची यादी सर्जन आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावी. बायपासनंतर काही औषधांचे शोषण बदलते आणि मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलावा लागू शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांबाबतही हेच विचारून घ्यावे. पुढच्या तारखा पहिल्या वर्षाच्याच नव्हे, तर तिसऱ्या वर्षापर्यंतच्या मागून घ्याव्यात. मध्येच मन फार खचले, जगू नये असे वाटू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.