भयपटांतील खरे भय

भयपट म्हटला की पडका वाडा, कुरकुरणारे दार आणि पांढऱ्या साडीतील हडळ डोळ्यांसमोर येते. परंतु अमेरिकेतील काही भयपटांनी भुताखेतांच्या आडून वर्णभेदाच्या प्रश्नालाच हात घातला आहे. त्यांपैकी दोन चित्रपटांच्या शेवटाकडे आम्ही वाचक बंधू-भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिला चित्रपट ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८). दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. मेलेली माणसे उठून जिवंतांना खात सुटतात आणि शेतावरच्या एका घरात सात जण अडकतात. त्यांना धीर देतो तो बेन हा काळा तरुण. ही भूमिका काळ्या नटासाठी लिहिलेली नव्हती. निवड चाचणीत ड्वेन जोन्स सरस ठरले म्हणून त्यांना ती मिळाली. रात्रभर झुंज देऊन एकटा बेन वाचतो. सकाळी शेरीफची बंदूकधारी टोळी येते आणि त्यालाच चालते प्रेत समजून गोळी घालते. त्याचे शव इतर प्रेतांबरोबर जाळले जाते.

बेनच्या वर्णाविषयी चित्रपटात कोणी अवाक्षर काढत नाही. पण ते काढण्याची गरजच काय? टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात ३,४४६ काळ्या माणसांना जमावांनी ठार मारले होते. अशा हत्यांच्या छायाचित्रांची पोस्टकार्डेही विकली जात. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली होती.

दुसरा चित्रपट जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ (२०१७). ख्रिस हा काळा छायाचित्रकार गोऱ्या प्रेयसीच्या आई-वडिलांकडे जातो. तेथे कोणी त्याचा उघड अपमान करत नाही. उलट, शक्य असते तर ओबामांना तिसऱ्यांदा मत दिले असते, असे वडील सांगतात. हेच कुटुंब काळ्या माणसांना फसवून त्यांच्या शरीरांत गोऱ्यांचे मेंदू बसवत असते! शेवटी ख्रिस कसाबसा निसटतो. इतक्यात रस्त्यावर गाडीचे लुकलुकते दिवे दिसतात. एरवी पोलीस आले की प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. येथे मात्र त्याच्या छातीत धस्स होते. गाडीतून उतरतो तो विमानतळाच्या सुरक्षा खात्यातील ख्रिसचा मित्र. पील यांनी आधी ख्रिसला तुरुंगात टाकणारा शेवट चित्रित केला होता, तो पुढे बदलला. या पटकथेसाठी २०१८ साली त्यांना ऑस्कर मिळाले. मूळ पटकथेचा हा मान मिळवणारे ते पहिले काळे लेखक होत.

दोन चित्रपटांत ४९ वर्षांचे अंतर आहे. तरीही मदतीला येणारा आपल्यालाच गुन्हेगार समजेल, ही धास्ती दोन्हींत एकच आहे. भूत पडद्याबरोबर नाहीसे होते. ही धास्ती मात्र काळ्या प्रेक्षकाबरोबर घरापर्यंत जाते. म्हणूनच असे चित्रपट केवळ करमणूक समजून पाहू नयेत, असे आम्हांस वाटते.