गुरगुरणे हा गुन्हा नव्हे!

दारावरची बेल वाजते. काल-परवापर्यंत घरभर बागडणारे पिल्लू सोफ्याखाली शिरते, अंग चोरून घेते आणि पाहुण्याने लाडाने हात पुढे करताच गुरगुरते. 'मला कुत्री काही करत नाहीत,' असे म्हणत पाहुणा हात आणखी पुढे नेतो आणि पुढच्याच क्षणी त्याच्या बोटांवर दातांचे व्रण उमटतात. मग घरातील कोणी वर्तमानपत्राची गुंडाळी उचलतो, कोणी 'हे कुत्रं आता घरात नको' असा निर्णय सुनावतो आणि ज्याच्या हट्टापायी पिल्लू घरी आले तो मुलगा रडू लागतो.

सात-आठ महिन्यांचे पिल्लू असलेल्या अनेक शहरी घरांत हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडतो. या वळणावर घरातील मंडळी कशी वागतात, यावर पिल्लाचे पुढचे दहा-बारा वर्षांचे आयुष्य आणि घरातील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. म्हणूनच पिल्लू का चावते, हे आधी समजून घेणे गरजेचे आहे.

खेळातील चावा आणि भीतीचा चावा

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने पिल्लू हाताला, चपलेला, टेबलाच्या पायाला तोंड लावते. त्याचे अंग तेव्हा सैल असते, शेपटी हलत असते. भीतीपोटी घेतलेला चावा मात्र वेगळा असतो. अंग ताठरते, शेपटी पोटाखाली जाते, कान मागे वळतात आणि समोरचा दूर होताच पिल्लूही शांत होते. ते हल्ला करत नसते, तर 'माझ्यापासून लांब राहा' एवढेच सांगत असते.

या भीतीचे मूळ बहुधा पहिल्या तीन महिन्यांत असते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग 'आपले' आणि 'परके' असे वाटून घेते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. या काळात वेगवेगळी माणसे, मुले, वाहने, आवाज यांची सुखद ओळख झाली नाही, तर पुढे तेच सारे धोक्याचे वाटू लागते. आईपासून फार लवकर तोडलेले आणि नंतर लसीकरण पूर्ण होईपर्यंत चार भिंतींत राहिलेले पिल्लू या बाबतीत कोरेच राहते. भारतात २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घेताना हा नियम पाळला गेला आहे का, हे ग्राहकानेही पाहायला हवे.

किशोरवयाची अडचण

पाच महिन्यांपर्यंत 'बस' म्हटले की बसणारे पिल्लू आठव्या महिन्यात मान फिरवते, तेव्हा ते मुद्दाम डिवचते आहे, अशी मालकाची समजूत होते. ब्रिटनमधील संशोधकांनी मार्गदर्शक श्वान म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांचा अभ्यास करून २०२० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ महिन्यांची पिल्ले अनोळखी व्यक्तीचे ऐकत होती. पण आपल्या सांभाळकर्त्याची तीच आज्ञा पाच महिन्यांच्या वयाच्या तुलनेत कमी पाळत होती. हे वागणे तात्पुरते असल्याचेही या अभ्यासात दिसले. घरात चौदा-पंधरा वर्षांचे मूल असलेल्यांना याचे फारसे नवल वाटू नये. भित्र्या पिल्लाच्या बाबतीत मात्र हाच काळ अवघड ठरतो. त्याची ताकद वाढलेली असते, दात पक्के झालेले असतात आणि जुनी भीती नव्या जोमाने बाहेर पडते.

अचानक चावू लागलेल्या पिल्लाची आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. कानातील संसर्ग, सांध्याचे दुखणे, दात किंवा पोटाचा त्रास असेल, तर स्पर्शही नकोसा होतो. दुखणे तसेच ठेवून केलेले प्रशिक्षण फुकट जाते.

मारून भीती जात नाही

'एकदा चांगला धडा शिकवा, मालक कोण ते कळू द्या,' हा सल्ला शेजारीपाजारी सहज मिळतो. त्यामागे लांडग्यांच्या कळपातील 'म्होरक्या'ची जुनी कल्पना आहे. ती प्रामुख्याने पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावर बेतलेली होती. ही कल्पना लोकप्रिय करण्यास ज्यांच्या पुस्तकाचा हातभार लागला, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये मोकळ्या रानातील कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते, असे स्पष्ट केले.

माराचे परिणामही मोजले गेले आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वर्तनसमस्यांसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी कुत्रा उलट आक्रमक झाल्याचे सांगितले. कुत्र्याला जबरदस्तीने उताणे पाडून दाबून ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते.

यापेक्षाही गंभीर बाब म्हणजे गुरगुरण्याबद्दल वारंवार मार खाल्लेले पिल्लू गुरगुरणेच सोडून देते. भीती तशीच राहते, इशारा तेवढा नाहीसा होतो. रेल्वे फाटकाची घंटा बंद केली म्हणून गाडी यायची थांबत नाही. 'काही न करता अचानक चावला' अशी ज्या कुत्र्यांची तक्रार होते, त्यांतील अनेकांचा इशारा कधीकाळी घरच्यांनीच दडपलेला असतो.

गुरगुरण्याआधीही पिल्लू बरेच काही सांगत असते. भूक वा झोप नसताना जांभई देणे, ओठ चाटणे, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, जागच्या जागी थिजणे ही सारी अस्वस्थतेची लक्षणे होत. घरातील प्रत्येकाने ती ओळखायला शिकणे, हा प्रशिक्षणाचा पहिला पाठ आहे. तो पिल्लाचा नसून माणसांचा आहे.

अंतर आणि खाऊ

भीती घालवण्याची पद्धत ऐकायला सोपी आहे, तिला वेळ मात्र लागतो. भीतीदायक गोष्ट पिल्लाला सहन होईल इतक्या अंतरावर ठेवायची आणि ती दिसताच आवडता खाऊ द्यायचा. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी दाखवून दिलेले साहचर्याचे तत्त्वच येथे वापरले जाते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाहुणा दिसावा, मग चिकनचा वा पनीरचा बारीक तुकडा मिळावा. पाहुणा दिसेनासा झाला की खाऊही थांबावा. काही दिवसांनी पाहुणा दिसताच पिल्लू खाऊच्या आशेने मालकाकडे पाहू लागते. तेव्हा अंतर थोडे कमी करावे. पिल्लू खाणे नाकारत असेल किंवा ताठरत असेल, तर अंतर पुन्हा वाढवावे.

बेलसाठीही हीच रीत. घरातीलच एकाने बाहेरून हळूच बेल वाजवावी आणि दुसऱ्याने लगेच पिल्लाच्या अंथरुणावर खाऊ टाकावा. दार उघडू नये. दिवसातून चार-पाच वेळा असे केले, की बेल म्हणजे अंथरुणाकडे धावायची खूण ठरते. पाहुणे आल्यावर पिल्लाला फळी वा जाळीच्या आड, दुसऱ्या खोलीत ठेवण्यात कमीपणा नाही. त्याच्याकडे पाहू नका, वाकू नका, हात पुढे करू नका, असे पाहुण्यांना निःसंकोच सांगावे. जवळ यायचे की नाही, हे पिल्लाला ठरवू द्यावे.

तोंडातील चप्पल वा मोजा हिसकावून घेतल्यास पिल्लू वस्तूंची राखण करायला शिकते. त्याऐवजी अधिक चांगला खाऊ पुढे करून अदलाबदल करावी. चावण्याचा धोका असेल, तर तोंडाला जाळीदार मुसके बांधण्याची सवय खाऊ देत देत, काही आठवडे घेऊन लावावी. मुसके घालूनही पिल्लाला धापा टाकता आणि पाणी पिता आले पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोंड आवळून टाकणारे मुसके जिवावर बेतू शकते.

घर एक, नियम एक

आई खाऊ देऊन शिकवते, बाबा ओरडतात, आजोबा ताटातला पोळीचा तुकडा टाकतात आणि धाकटा शेपटी ओढतो. अशा घरात पिल्लाने शिकायचे तरी काय? नियम सर्वांनी मिळून ठरवावेत. झोपलेल्या वा जेवणाऱ्या पिल्लाला कोणीही हात लावू नये. पिल्लू घरात कितीही रुळलेले असले, तरी लहान मुलांना मोठ्यांच्या नजरेआड त्याच्याजवळ सोडू नये. त्याला शांत कोपरा, पुरेशी झोप, चघळायला सुरक्षित वस्तू आणि फिरताना मनसोक्त हुंगण्याची मुभा द्यावी. कामवाल्या बाई, वॉचमन आणि लिफ्टमधील शेजारी यांनाही पिल्लाच्या भीतीची कल्पना द्यावी.

चावा घेतलाच तर

घरच्या पिल्लाचा म्हणून चावा अंगावर काढू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो; वेळेवर घेतलेले उपचार मात्र त्यापासून वाचवतात. पिल्लाचे रेबीज लसीकरण आणि त्याच्या नोंदी अद्ययावत ठेवाव्यात. पाळीव प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार शिक्षापात्र गुन्हा आहे.

चावे खोल असतील, वारंवार होत असतील किंवा घरात तान्हे मूल असेल, तर घरगुती प्रयोगांत वेळ दवडू नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्तनतज्ज्ञाची मदत घ्यावी. काही पिल्लांना प्रशिक्षणाच्या जोडीला औषधांचीही गरज भासते. प्रशिक्षक निवडताना तो मार, काटेरी पट्टा वा विजेचा झटका यांचा वापर करतो का, हे आधी विचारावे. करत असेल, तर दुसरा शोधावा.

सुधारणा दिसायला आठवडे नव्हे, महिने लागतात. काही पिल्ले पुढेही पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसत नाहीत. बेल वाजल्यावर पिल्लू अंथरुणावर जाऊन बसले, नको असताना केवळ गुरगुरले आणि घरच्यांनी ते ऐकून पाहुण्याला दोन पावले मागे घेतले, तर प्रशिक्षण यशस्वी झाले, असे खुशाल समजावे.